बेसलाइनलगतची काळी पट्टी

रात्री साडेनऊच्या सुमाराला 108 ची गाडी आवारात शिरली. आत 24 वर्षांची पहिलटकरीण, 30 आठवडे 5 दिवसांची, सोबत नवरा आणि सासूबाई. तालुक्याच्या गावाहून जवळजवळ 90 किलोमीटर अंतर कापून आली होती. फाइलमधल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात शेवटची ओळ ठळक अक्षरात होती: नाळेच्या धमनीत एंड डायस्टोलिक फ्लो (दोन ठोक्यांच्या मधला प्रवाह) अ‍ॅबसेंट, बाळाची वाढ कमी, तातडीनं वरच्या केंद्रात पाठवावं. बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून बेटामेथासोन या स्टेरॉइडचं 12 मिलिग्रॅमचं पहिलं इंजेक्शन दुपारीच दिलेलं होतं. दोन दिवसांपासून बाळाची हालचाल कमी वाटते, असं ती स्वतः सांगत होती.

सासूबाईंनी मला दारातच गाठलं. "डॉक्टर, रात्रीच पोट फाडायचं का हो? बाळ वाचंल ना?" त्यांना काय सांगावं हे मला त्या क्षणी माहीत नव्हतं. "आधी मी स्वतः बघतो, मावशी," एवढंच म्हणालो.

हे प्रकरण मी लिहून काढतोय ते यासाठी की यातला निर्णायक पुरावा मशीनच्या एका छोट्या आकड्यात होता. तो आकडा म्हणजे वॉल फिल्टर. रोज डॉप्लर, म्हणजे रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी, करणारे आपल्यापैकी बरेच जण स्केल, गेन, गेट, अँगल या सेटिंगकडे लक्ष देतात आणि फिल्टर जिथं असेल तिथं राहू देतात. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून गावं आणि तारखा दिलेल्या नाहीत.

आधी जोखीम काय होती ते सांगतो. नाळेच्या दोन धमन्यांमधून बाळाचं रक्त वारेकडे जातं. वार निरोगी असेल तर तिच्यातला रोध कमी असतो, आणि बाळाच्या हृदयाचे दोन ठोके पडतात त्यांच्या मधल्या काळातही रक्त पुढं सरकत राहतं. वार खराब होत गेली की तो मधला प्रवाह आधी बारीक होतो, मग थांबतो, आणि शेवटी उलटा फिरतो. नाळेतल्या धमनीच्या डॉप्लरची पहिली नोंद डब्लिनच्या फिट्झगेराल्ड आणि ड्रम यांनी 1977 मध्ये केली. वाढ खुंटलेल्या बाळावर नजर ठेवायला आज याच्याइतकी उपयोगी दुसरी तपासणी क्वचितच असेल. प्रवाह कमी झालेला पण टिकून असेल तर आपण साधारण 36-37 आठवड्यांपर्यंत थांबायचा प्रयत्न करतो. खरोखर थांबला असेल तर 32 ते 34 आठवड्यांच्या दरम्यान बाळ बाहेर काढण्याची तयारी ठेवावी लागते. आणि हालचाल कमी असल्याची तक्रार सोबत आली की 31व्या आठवड्यातही सगळ्यांचा हात कात्रीकडे जातो. त्या रात्री प्रसूती युनिटच्या मॅडमनी भूलतज्ज्ञांना आणि नवजात विभागाला कळवून ठेवलं होतं. दुसरं इंजेक्शन झालं की बाळाच्या मेंदूच्या रक्षणासाठी मॅग्नेशियम सुरू करून सिझर, असा बेत ठरत आला होता.

आमच्याकडे फॉर्म एफ (गर्भवतीच्या सोनोग्राफीसाठीचा कायदेशीर फॉर्म) नव्यानं भरून होईपर्यंत मी तिचे जुने प्रिंट व्ह्यू बॉक्ससमोर धरले. थर्मल कागदावरचे, कडेला जरा पिवळटलेले.

पहिल्या नजरेला चित्र रिपोर्टाला धरूनच होतं. एकामागे एक टोकदार सिस्टोलिक (हृदय आकुंचन पावतानाच्या) लाटा आणि मधे रिकामी जागा. पण मग मला खटकलं ते लाटेचं बूड. खऱ्या अ‍ॅबसेंट फ्लोमध्ये सिस्टोलची लाट उतरत उतरत बेसलाइनला, म्हणजे शून्य वेगाच्या रेषेला, येऊन टेकते, डोंगराची सोंड मैदानात मिसळते तशी. इथं ती उतरता उतरता अचानक तुटली होती. बेसलाइनपासून बोटभर उंचीवर, सुरीनं कापल्यासारखी. दुसरी गोष्ट त्याहून बोलकी होती. सिस्टोलच्या लाटेच्या खालीही, म्हणजे रक्त सर्वांत जोरात धावतं त्या क्षणीही, बेसलाइनला लागून काळी पट्टी होती. नळीच्या मध्यभागी रक्त जोरात धावतं, पण भिंतीलगतचं रक्त सिस्टोलमध्येही हळूच चालतं. ते हळू रक्त लाटेच्या बुडाशी राखाडी भर म्हणून दिसायला हवं. या प्रिंटात ती भर कुठंच नव्हती.

बेसलाइनच्या दुसऱ्या अंगाला नाळेची शीर आली होती. तिचा प्रवाह अखंड असतो, त्यामुळं ती सलग पट्ट्यासारखी दिसते. इथं तो पट्टा अधांतरी तरंगत होता. बेसलाइन आणि पट्टा यांच्यामधे तेवढीच काळी फट. बाळाच्या आजारानं धमनीतला डायस्टोल नाहीसा होऊ शकतो, पण शिरेच्या बुडाशीही तेवढ्याच उंचीची फट पाडणारा आजार मला माहीत नाही. बेसलाइनच्या दोन्ही बाजूंना सारख्या रुंदीची काळी पट्टी दिसली, की ती मशीननं पाडलेली असते.

प्रिंटच्या उजव्या कडेला बारीक अक्षरात सेटिंग छापलेली होती. चष्मा वर करून वाचली. फिल्टर 200 हर्ट्झ.

वॉल फिल्टर कशासाठी असतो, हे विद्यार्थ्यांना सांगताना मी रव्याच्या चाळणीचं उदाहरण देतो. चाळणीत जाड रवा वर उरतो, बारीक खाली गळतो. फिल्टरही तसाच, ठरावीक आकड्याच्या वरच्या फ्रिक्वेन्सी ठेवतो आणि खालच्या गाळून टाकतो. गाळायचं कारण खरं आहे. धमनीची भिंत प्रत्येक ठोक्याला थरथरते, भोवतालचा भाग हलतो, बाळ श्वासाच्या हालचाली करतं. या सगळ्या हालचाली मंद असतात, पण त्यांचा प्रतिध्वनी तांबड्या पेशींच्या प्रतिध्वनीपेक्षा शेकडो पटींनी जोरदार असतो. ते गाळलं नाही तर बेसलाइनलगत पांढरे ठिपके आणि ढेकळं उठतात, स्पीकरमधून धप् धप् असा आवाज येतो. नावातला 'वॉल' म्हणजे ही धमनीची भिंत. अडचण एवढीच, की चाळणीला भिंत कोणती आणि रक्त कोणतं हे कळत नाही. तिला फक्त वेग कळतो. मंद चालणारं रक्तही तिच्या लेखी बारीक रवाच.

आता 200 हर्ट्झ म्हणजे नेमकं किती? डॉप्लरचं समीकरण आपण परीक्षेपुरतं पाठ करतो आणि विसरतो, पण इथं ते हातात घ्यावंच लागतं. 3 मेगाहर्ट्झचा डॉप्लर आणि शरीरातला ध्वनीचा वेग सेकंदाला 1540 मीटर धरला, तर किरण प्रवाहाच्या अगदी सरळ रेषेत असताना 200 हर्ट्झ म्हणजे सेकंदाला सुमारे 5 सेंटिमीटर. त्याहून मंद जे काही असेल ते पडद्यावरून गेलं. किरण 50 अंशांनी तिरका पडला तर तोच फिल्टर सेकंदाला 8 सेंटिमीटरपर्यंतचं सगळं गिळतो. 60 अंशांवर 10 सेंटिमीटरच्याही थोडं वर.

या मुद्द्यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण चुकीची मुळी इथं आहे. नाळेच्या डॉप्लरमध्ये अँगलची फिकीर नको, असं आपल्याला शिकवलेलं असतं. पी आय, आर आय, एस-डी रेशो ही सगळी लाटेच्या वरच्या आणि खालच्या वेगांवरून काढलेली गुणोत्तरं. अँगल चुकला तर वरचा आणि खालचा वेग सारख्याच प्रमाणात चुकतो, गुणोत्तर तेच राहतं. हे बरोबर आहे, पण फिल्टर नसेल तेव्हाच. फिल्टरचा उंबरठा हर्ट्झमध्ये ठरलेला असतो, तो अँगलबरोबर हलत नाही. किरण तिरका झाला की सगळ्या लाटा बुटक्या होतात, आणि उंबरठा आहे तिथंच राहतो. बुटक्या लाटेचा डायस्टोल उंबरठ्याखाली गेला की तो शून्य होतो. मग गुणोत्तर कसलं काढणार? नाळ पिळाची असते, तिचा नेमका कोन बऱ्याचदा दिसतही नाही, म्हणून ही चूक पकडायला अवघड. जास्त फिल्टर आणि वाईट अँगल वेगवेगळे आले तर निभावून जातं. एकत्र आले की जिवंत प्रवाह मेलेला दिसतो.

रेसिडेंटनं प्रोब हातात घेतला. मी त्याला आधी बी मोडवरच (साध्या करड्या चित्रावर) नाळेचा मोकळा वेटोळा शोधायला लावलं. बाळाच्या पोटाजवळच्या टोकाला रोध जास्त लागतो, वारेजवळच्या टोकाला कमी, म्हणून नोंद मधल्या मोकळ्या भागात घ्यायची. वेटोळ्याचा एक तुकडा जवळजवळ उभा, प्रोबच्या दिशेनंच येणारा सापडला. तिला श्वास दोन क्षण रोखायला सांगितलं. "ताई, आता हलू नका बरं." फिल्टर 50 हर्ट्झ, थर्मल इंडेक्स (ऊतक किती तापेल याचा अंदाज) 1 च्या आत.

लाट उमटली. टोक सेकंदाला 40 सेंटिमीटर, आणि तिच्या मागून बेसलाइनच्या वर एक बारीक, फिकट, पण सलग शेपूट. पुढच्या ठोक्यापर्यंत कुठंही न तुटणारं. शेवटचा वेग 7 सेंटिमीटर. लाटेच्या बुडाशी राखाडी भर, शिरेचा पट्टा बेसलाइनला चिकटलेला. पी आय (जितका जास्त, तितका वारेतला रोध जास्त) 1.65, म्हणजे या आठवड्यासाठी 95व्या पर्सेंटाइलच्या बराच वर. वार अडचणीत होती, यात शंका नाही. पण प्रवाह होता.

आकडे जुळवून बघा. 7 सेंटिमीटरचा डायस्टोल, आणि 50 अंशांवर 200 हर्ट्झचा फिल्टर गिळतो 8. तालुक्याच्या सोनोलॉजिस्टनं चांगला अँगल मिळवला असता, तर त्याच फिल्टरवरही काळ्या पट्टीच्या वर दोरीएवढी शेपूट उरली असती. चांगल्या अँगलवर फिल्टरचा उंबरठा 5 होता.

मॅडम तोपर्यंत खोलीत येऊन उभ्या होत्या. त्यांचा प्रश्न रास्त होता. "तिकडे अ‍ॅबसेंट, इकडे आहे. मी कुणाचं खरं मानू? कमी फिल्टरवर दिसतंय ते नॉइज कशावरून नाही?"

हा प्रश्न उलटतपासणीला फार उपयोगी आहे आणि तो टाळू नये. फिल्टर फार खाली नेला तर खऱ्या अ‍ॅबसेंट फ्लोमध्येही बेसलाइनजवळ कचरा गोळा होतो आणि घाईत तो प्रवाह म्हणून मोजला जातो. ती चूक पहिल्या चुकीपेक्षा वाईट, कारण तिच्यात धोक्यातलं बाळ सुखरूप म्हणून घरी जातं. फरक ओळखायच्या खुणा आहेत. कचरा बेसलाइनच्या दोन्ही बाजूंना पसरतो, ठोक्याशी त्याचा मेळ नसतो, भिंतीच्या धक्क्याबरोबर तो उसळतो आणि विझतो. खरा प्रवाह एकाच बाजूला राहतो, त्याला वरची कड असते, आणि ती कड लाटेमागून लाट त्याच उंचीवर येते. इथं सलग दहा-बारा लाटांत ती कड तशीच आली.

मग त्यांच्यासमोरच आम्ही फिल्टर एकेक पायरी चढवला. 50 वर शेपूट बेसलाइनला टेकलेलं. 100 वर खाली बारीक काळी रेघ. 200 वर रुंद काळी पट्टी आणि तिच्यावर शेपटाची नुसती वरची कड. मग रेसिडेंटनं प्रोब मुद्दाम तिरका केला, आणि तालुक्याचा प्रिंट हुबेहूब आमच्या पडद्यावर आला. कापलेल्या लाटा, अधांतरी शीर, मधे काहीच नाही. या सगळ्याला मिनिटभरही लागलं नाही, आणि जास्त वेळ लावूही नये. बाळावर स्पेक्ट्रल डॉप्लर गरजेपुरताच रोखून धरायचा असतो.

मॅडम काही क्षण पडद्याकडे पाहत राहिल्या. मग फोन काढून भूलतज्ज्ञांना म्हणाल्या, "आज नको."

बाकीची तपासणीही सांगायला हवी, कारण एका धमनीवर निर्णय होत नाही. बाळाचं अंदाजे वजन 1,080 ग्रॅम, तिसऱ्या पर्सेंटाइलच्या खाली. मेंदूतल्या मिडल सेरेब्रल धमनीचा पी आय 1.9, म्हणजे बाळ अजून मेंदूकडे रक्त वळवायच्या टोकाला गेलेलं नव्हतं. बाळाच्या यकृताजवळच्या डक्टस व्हेनोसस या शिरेतली ए वेव्ह (हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावतानाची लाट) पुढच्या दिशेनं. हीही 50 हर्ट्झवरच बघितली, कारण ए वेव्ह बेसलाइनजवळ उतरते आणि जास्त फिल्टर तिलाही गिळतो. गर्भजल कमी पण पुरेसं. एन एस टी (बाळाच्या ठोक्यांचा आलेख) समाधानकारक. स्टेरॉइडचा दुसरा डोस ठरल्याप्रमाणे दिला. अशा बाळाचा भरवसा धरता येत नाही, फुप्फुसं तयार असलेली बरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तालुक्याच्या सोनोलॉजिस्टना फोन केला. त्यांच्यावर ठपका ठेवायचा माझा हेतू नव्हता, आणि आजही नाही. वाढ खुंटलेली त्यांनी ओळखली, स्टेरॉइडचं त्यांनीच सुचवलं, आणि वेळेत पाठवलं. काय झालं असावं हे आम्ही दोघांनी मिळून शोधलं. त्यांनी मिडल सेरेब्रल आधी केली होती. तिथला वेग जास्त, लाटेचं टोक कापलं जात होतं, म्हणून वेगाचा स्केल वाढवला. त्यांच्या मशीनवर फिल्टर स्केलला बांधलेला आहे, स्केल चढला की तोही चढतो. पुष्कळ मशीनवर हीच रचना असते. मग प्रोब नाळेवर आला, स्केल थोडा खाली केला गेला, फिल्टर वरच राहिला. बाळ सारखं हलत होतं, त्यामुळं स्वच्छ बेसलाइन मिळाल्याचं त्यांना उलट समाधानच वाटलं. हे वाक्य मी विसरू शकलेलो नाही. स्वच्छ, काळीभोर बेसलाइन डोळ्याला सुखावते, आणि नेमकं तिथंच काहीतरी पुसलं गेलेलं असू शकतं.

हाच प्रकार शरीरात इतरत्रही होतो. मानेतली कॅरोटिड जवळजवळ बंद असते, तेव्हा तिच्यातून दोऱ्याएवढा मंद प्रवाह चालू असतो. जास्त फिल्टरवर ती पूर्ण बंद वाटते, आणि जिच्यावर शस्त्रक्रियेचा विचार होऊ शकला असता ती धमनी यादीतून जाते. लहान मुलाच्या वृषणात रक्त आहे की नाही बघताना तर आणखी सांभाळावं लागतं. हृदयाच्या झडपांवर मात्र फिल्टर मुद्दाम चढा ठेवतात, कारण तिथं जोरदार झोत मोजायचा असतो आणि भिंतींचा गोंगाट मोठा. म्हणून 'योग्य फिल्टर' असा एकच आकडा नाही. नाळेसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना 50-60 हर्ट्झ किंवा त्याखाली ठेवायला सांगतात, आणि माझ्या अनुभवात यात सवलत घेण्यासारखं काही नाही.

पेशंट वॉर्डात राहिली. दिवसातून दोनदा एन एस टी, आठवड्यातून दोनदा डॉप्लर, रक्तदाब, लघवीतली प्रथिनं. सासूबाई गावाकडं जाऊन आल्या, येताना डिंकाचे लाडू घेऊन आल्या, सगळ्या वॉर्डाला वाटले. बाळाची हालचाल चार-पाच दिवसांत तिला पुन्हा नेहमीसारखी वाटू लागली. तीन आठवड्यांत पी आय हळूहळू चढत गेला, शेपूट बारीक होत गेलं. 7 चे 5 झाले, 5 चे 3. इथं कमी फिल्टरचा दुसरा उपयोग कळतो. उतरण पायरीपायरीनं दिसते. 200 हर्ट्झवर पहिल्या दिवसापासून शून्यच दिसलं असतं, मग पुढचं बिघडणं कशावरून मोजणार होतो?

33 आठवडे 6 दिवसांना रेसिडेंटनं मला हाक मारली. "सर, जरा येता का?" फिल्टर 50, अँगल चांगला, नाळेचा मोकळा वेटोळा. सिस्टोलची लाट सोंडेसारखी उतरली, बेसलाइनला टेकली, आणि पुढच्या ठोक्यापर्यंत तिथंच निपचित. बुडाशी राखाडी भर होती, शीर बेसलाइनला चिकटलेली होती. म्हणजे मशीन मंद प्रवाह दाखवत होतं, आणि धमनीत तो नव्हता. तीन वेगवेगळ्या ठिकाणी बघितलं, तेच. रक्तदाब त्याच सकाळी 150/100 आला होता.

या वेळी मॅडमनी एकच विचारलं. "फिल्टर किती?"

"पन्नास."

दुसऱ्या दिवशी, 34 आठवडे पूर्ण होताना, सिझर झालं. मुलगी, 1,560 ग्रॅम. जन्मल्याबरोबर रडली, दीड दिवस सी पॅपवर (हवेच्या दाबानं श्वासाला आधार देणाऱ्या यंत्रावर) राहिली, मग आधाराशिवाय श्वास घेऊ लागली. सव्वातीन आठवडे आधी ती याच्या दोन तृतीयांश वजनाची होती, आणि 31 आठवड्यांच्या आतली फुप्फुसं आणि मेंदूतल्या नाजूक रक्तवाहिन्या घेऊन तिला बाहेर यावं लागलं असतं. तेव्हा काय झालं असतं हे छातीठोकपणे कुणी सांगू नये, मीही सांगत नाही. पण ते आठवडे तिला आईच्या पोटात मिळाले, ही नोंद आहे.

दोन्ही प्रिंट आमच्या खोलीत शेजारी शेजारी लावले आहेत, नाव झाकून. एक तालुक्याचा, एक 33 आठवडे 6 दिवसांचा. नवीन रेसिडेंट आला की त्याला विचारतो, यातला खरा अ‍ॅबसेंट कोणता? बहुतेक जण आधी लाटांच्या मधली रिकामी जागा बघतात, आणि ती दोन्हीत सारखीच आहे. बूड बघायला सांगितलं की मग त्यांना सापडतं. रिपोर्टाच्या नमुन्यातही आता एक ओळ वाढवली आहे. नाळेचा प्रवाह 'अ‍ॅबसेंट' किंवा 'रिव्हर्स्ड' लिहायचा असेल तर फिल्टरचा आकडा आणि नोंद नाळेच्या कोणत्या भागातली आहे हे लिहिल्याशिवाय रिपोर्टावर सही होत नाही. तालुक्याच्या सोनोलॉजिस्टनी त्यांच्या मशीनवर नाळेसाठी वेगळा प्रीसेट करून घेतला, फिल्टर स्केलपासून सोडवलेला.

घरी जाण्याआधी मुलीच्या डोक्याची सोनोग्राफी करायची होती. नर्स तिला दुपट्यात गुंडाळून घेऊन आली, आई मागे हळूहळू चालत. टाळूवर जेली लावण्याआधी रेसिडेंटनं फिल्टरचा आकडा मोठ्यानं वाचला.